सपोर्ट नाही म्हणजे मनाई नव्हे

गेल्या महिन्यात आमचा धाकटा दोन दिवसांसाठी घरी आला होता. जेवताना अगदी गप्प. पिठलं-भाकरी पुढ्यात असताना हा मुलगा गप्प बसतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कळायला आईला कॉम्प्युटर लागत नाही! खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की ऑफिसात त्याच्या लॅपटॉपवरून वाजलंय.

भानगड अशी. ऑफिसात सगळ्यांकडे विंडोजचे लॅपटॉप. हा एकटा लिनक्सवाला. त्याचं काम ज्या सर्व्हरवर चालतं ते लिनक्सचेच, म्हणून आधीच्या साहेबांनी त्याला तोंडी परवानगी दिली होती. अट एकच, काही बिघडलं तर आयटीवाल्यांकडे जायचं नाही. हा तीन वर्षं गेलाही नाही. प्रिंटर चालेना, रात्री बसून चालवला. मायक्रोसॉफ्टनं २०२२ च्या अखेरीस लिनक्सवरचं टीम्स बंद केलं, तर हा ब्राउझरमधून मीटिंगला बसू लागला.

मग एक दिवस ग्राहकासमोर सादरीकरण होतं. स्लाइड दुसऱ्या कुणीतरी कॅलिब्री फॉन्टमध्ये केलेल्या. तो फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, याच्या मशीनवर नाही. त्याच्या जागी भलताच फॉन्ट आला, ओळी चौकटीबाहेर गेल्या, आकडे एकमेकांवर चढले. नवे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "हे तुझे हट्ट घरी करायचे." दुसऱ्या दिवशी मेल आली. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांसारखा लॅपटॉप घ्यावा, कारण या मशीनला आयटीचा सपोर्ट नाही.

"आई, सपोर्ट मी कधी मागितलाच नाही गं," तो म्हणाला.

त्या वाक्यानं मला एकदम माझ्या पहिल्या शाळेत नेलं. १९७० च्या दशकातली गोष्ट. माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. पाटीवर ठीक होतं, पण शाईचं पेन हाती आलं आणि पंचाईत झाली. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे त्याचा हात ओल्या अक्षरांवरून फिरायचा आणि वही बरबटायची. डाव्या हातानं पेन कसं धरावं, वही किती तिरपी ठेवावी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे माझ्याकडे 'सपोर्ट' नव्हता. मग मी काय केलं? "उजव्या हातानं लिही," म्हणून दटावलं. दोनदा पट्टीही मारली. मला शिकवता येत नव्हतं, हे माझं उणं. ते मी त्याचा दोष करून टाकलं. आज पन्नास वर्षांनीही ती पट्टी माझ्याच हातावर बसल्यासारखी वाटते.

"आम्हाला यातलं येत नाही" आणि "तू हे करायचं नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं प्रामाणिक आहे. दुसऱ्याला वेगळं कारण द्यावं लागतं. पहिलं म्हणता म्हणता दुसरं कधी म्हटलं जातं, हे म्हणणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

आता आयटीवाल्यांची बाजू. ती नाही असं मुळीच नाही. चार माणसांनी तीनशे मशीन सांभाळायची तर ती एकसारखी असलेलीच बरी. लॅपटॉप चोरीला गेला तर आतली माहिती कुलूपबंद आहे ना, अपडेट वेळेवर होतात ना, हे त्यांना एका जागी बसून पाहावं लागतं. आणि गेलाच हा मुलगा उद्या नोकरी सोडून, तर याच्या मशीनमधली गाठ कोण सोडवणार? जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. त्यांनी २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० कॉम्प्युटर बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. त्यात राजकारण होतंच, पण बाहेरच्या कचेऱ्यांशी कागदांची देवाणघेवाण करताना होणारा त्रास ही तक्रारही होती. अख्ख्या महापालिकेला जे जड गेलं ते एकट्याला जाणारच.

पण सगळं एकसारखं म्हणजे सगळं सुरक्षित, हेही खरं नाही. १९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडच्या विमानतळांवरही हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी लिनक्स आणि मॅक चालू राहिले. ते फार थोर आहेत म्हणून नव्हे, ती चूक त्यांच्या वाट्याला आली नाही म्हणून. शेतात एकच वाण पेरलं की एकच रोग पुरतो, हे शेतकऱ्याच्या मुलीला कुणी सांगायला नको.

दुसरं उदाहरण आयबीएमचं. या कंपनीनं २०१५ पासून कर्मचाऱ्यांना मॅक निवडायची मुभा दिली. त्याच वर्षी त्यांनी सांगितलं की मॅकवाल्यांपैकी ५ टक्क्यांनाच मदतकक्षाची गरज पडते, विंडोजवाल्यांपैकी ४० टक्क्यांना. मुलगा हे आकडे फुशारकीनं सांगत होता. मी म्हटलं, थांब. तिथे कंपनीनं मॅकची सगळी व्यवस्था स्वतः लावून दिली होती. शिवाय जो आपणहून वेगळं निवडतो तो बहुधा आपलं आपण निस्तरणाराही असतो. त्यामुळे यावरून मॅक चांगला आणि विंडोज वाईट असं ठरत नाही. एवढंच ठरतं की मुभा दिली म्हणून मदतकक्ष बुडत नाही.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा प्रश्नपत्रिका मी हौसेनं टाइप करायची. एकदा फ्लॉपी घेऊन छापखान्यात गेले तर पडद्यावर सगळं गिचमिड! माझा फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता. म्हणजे कॅलिब्रीचंच दुखणं, पंचवीस वर्षं आधीचं. तेव्हा प्रत्येक मराठी फॉन्टचं वेगळं गणित असायचं. त्यावर उपाय काय निघाला? सगळ्यांनी एकाच कंपनीचं मशीन घ्यावं, हा नाही. युनिकोड निघाला. मशीन कुणाचंही असो, 'क' म्हणजे 'क'च. एकसारखेपणा हवा तो दोघांच्या मधल्या कागदात. हातातल्या पेनात नको.

म्हणून मुलाला सांगितलं, साहेबांशी भांडू नकोस आणि गुपचूप मानही तुकवू नकोस. आपणहून एक कागद लिहून दे. डिस्क कुलूपबंद ठेवीन. अपडेट वेळेवर करीन आणि ते कधीही तपासा. सगळं काम रोज कंपनीच्या सर्व्हरवर ठेवीन. बाहेर दाखवायचं ते पीडीएफमध्ये आणि आदल्या दिवशी दुसऱ्या मशीनवर पाहून घेईन. मशीन कसं लावलंय ते माझ्यामागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवीन. मशीन बंद पडून काम अडलं तर जबाबदारी माझी. आणि त्या दिवशीच्या फजितीबद्दल माफी माग, कारण चूक तुझीच होती. डावखुऱ्यानं वही बरबटू नये ही अपेक्षा रास्तच आहे.

साहेबांकडून अपेक्षा एकच. हे सगळं पाळून कुणी वेगळं मशीन वापरत असेल तर "सपोर्ट नाही" एवढ्यावर मनाई करू नये. सुरक्षिततेचं खरं कारण असेल तर ते सांगावं. मग मुलानंही निमूट ऐकावं.

कागद दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित नाहीच म्हणतील, कंपनी त्यांची आहे. पण निदान कारण विचारलं गेलं. माझ्या वर्गातल्या त्या मुलानं मला कारण विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर माझ्यापाशी काही उत्तर नव्हतं.

असो. तुमच्या घरात कुणी असा 'डावखुरा' आहे का? असेल तर त्याचं काय झालं, जरूर कळवा.