अमरावतीच्या मधुरानं शांघायमध्ये सुवर्ण जिंकलं, पण ऑलिम्पिकमध्ये तिच्यासाठी जागा किती? फक्त एक

तारीख १० मे २०२५. ठिकाण शांघाय. तिरंदाजी वर्ल्ड कपच्या दुसऱ्या टप्प्यात महिलांच्या कंपाउंड प्रकाराची फायनल सुरू होती. एका बाजूला अमेरिकेची कार्सन क्राहे, दुसऱ्या बाजूला अमरावतीची २४ वर्षांची मधुरा धामणगावकर. पंधरा-पंधरा बाण मारून झाले आणि गुण होते १३९-१३८. एका गुणानं मधुरा जिंकली.

१५० पैकी १३९ हा कंपाउंडच्या मानानं कमी आकडा आहे. इथं १४५ च्या पुढचे स्कोअर रोजचे असतात. फायनल एवढ्या खाली संपते ती बहुधा वाऱ्याच्या दिवशी, आणि अशा दिवशी हातापेक्षा डोकं शांत असणारा जिंकतो. मधुरासाठी हे वर्ल्ड कपमधलं पहिलंच वैयक्तिक सुवर्ण. त्याच स्पर्धेत तिनं महिला संघासोबत रौप्य आणि अभिषेक वर्मासोबत मिश्र दुहेरीत कांस्य मिळवलं. एका स्पर्धेत तीन रंगांची तीन पदकं.

साहजिकच चांदूर बाजार, अचलपूरपासून धारणीपर्यंत जिल्हाभर एकच प्रश्न आला. पोरगी ऑलिम्पिकला कधी जाणार?

उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. त्यासाठी आधी धनुष्य समजून घ्यावं लागेल.

तिरंदाजीत मुख्य दोन प्रकार आहेत. ऑलिम्पिकमध्ये आपण दीपिका कुमारीच्या हातात बघतो ते रिकर्व्ह. टोकं बाहेर वळलेली, दोरी बोटांनी ओढायची, निशाण ७० मीटरवर. मधुरा खेळते ते कंपाउंड. याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, दोरी पूर्ण ताणली की हातावरचा भार बराच कमी होतो. बाण बोटांनी नाही तर हातातल्या छोट्या यंत्राची कळ दाबून सुटतो आणि नेम धरायला भिंग असतं. निशाण ५० मीटरवर, पण फलक लहान. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचं. म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं.

‘एवढी मदत असेल तर सोपंच की,’ असं ज्यांना वाटतं त्यांनी गुणपद्धत बघावी. रिकर्व्हमध्ये सामना सेटवर चालतो, एक सेट खराब गेला तरी पुढचा कोरा असतो. कंपाउंडमध्ये सगळ्या बाणांची बेरीज होते. तिसऱ्या बाणाला गेलेला गुण पंधराव्या बाणापर्यंत मानेवर बसून राहतो.

आता मुद्दा असा की १९७२ पासून तिरंदाजी सलग ऑलिम्पिकमध्ये आहे, पण कंपाउंड एकदाही नव्हतं. या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९५ पासून होते, आशियाई खेळांत तो २०१४ पासून आहे, ऑलिम्पिकचं दार मात्र बंदच. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी बर्लिनमध्ये जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेता झाला. काही आठवड्यांनी हांगझोऊच्या आशियाई खेळांत कंपाउंडची पाचच्या पाच सुवर्णं भारतानं घेतली. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिक झालं आणि हे सगळे घरी होते. कुणाची कामगिरी कमी पडली म्हणून नव्हे, त्यांचा प्रकारच यादीत नव्हता म्हणून.

हे दार उघडलं एप्रिल २०२५ मध्ये. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं लॉस एंजेलिस २०२८ साठी कंपाउंडला मान्यता दिली. मधुराचं सुवर्ण त्यानंतर महिनाभरात आलं, त्यामुळे आनंद दुप्पट होता. पण बारीक अक्षरातली अट अशी की फक्त मिश्र सांघिक प्रकार. वैयक्तिक नाही, महिला संघ नाही. एका देशाचा एक पुरुष आणि एक महिला. अख्ख्या भारतातून कंपाउंडची एकच मुलगी जाणार.

हे किती अरुंद आहे हे कळायला नेदरलँड्सच्या आयरीन वूस्टकडे बघा. बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमधली ही दिग्गज. २००६ मध्ये तुरिनला १९ व्या वर्षी तिनं ३,००० मीटरचं सुवर्ण घेतलं. शेवटचं सुवर्ण २०२२ मध्ये बीजिंगला १,५०० मीटरमध्ये, तेव्हा ती ३५ वर्षांची होती. पाच ऑलिम्पिकमध्ये १३ पदकं, त्यातली सहा सुवर्णं. पाच वेगवेगळ्या ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती जगातली पहिली खेळाडू. तिच्या दमाबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण तिच्या खेळात महिलांसाठी ५०० पासून ५,००० मीटरपर्यंत पाच शर्यती आहेत, वर सांघिक पाठलाग. २०१४ च्या सोचीत ती पाच प्रकारांत उतरली आणि पाचही पदकं घेऊन आली. एका शर्यतीत दुसरी आली तर दोन दिवसांनी दुसरी शर्यत तयार होती. कंपाउंडच्या मुलीला अशी दुसरी शर्यतच नाही.

बरं, कंपाउंडवाल्यांचं हे दुखणं फक्त भारताचं नाही. त्याच नेदरलँड्सचा माइक श्लोसर २०१३ मध्ये कंपाउंडचा जगज्जेता झाला. तोही इतकी वर्षं ऑलिम्पिकविनाच खेळतोय.

त्या एका जागेसाठी भारतात रांग कशी आहे? सगळ्यात पुढे आंध्र प्रदेशची ज्योती सुरेखा वेन्नम. हांगझोऊत तीन सुवर्णं तिची होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये नानजिंगच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये तिनं कांस्य घेतलं. शांघायच्या विजयामुळे मधुराही त्या फायनलला पात्र ठरली होती, पण पहिल्याच फेरीत मेक्सिकोच्या मारियाना बर्नालकडून हरली.

त्याआधी सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. (वर्ल्ड कप वेगळा, तो दरवर्षी टप्प्याटप्प्यानं होतो. अजिंक्यपद दोन वर्षांतून एकदा. बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते.) तिथं महिला कंपाउंड संघात ज्योती, परनीत कौर आणि प्रीतिका प्रदीप होत्या. चार महिन्यांपूर्वी वर्ल्ड कप सुवर्ण जिंकलेली मधुरा नव्हती, माजी जगज्जेती अदितीही नव्हती. मिश्र सांघिकच्या फायनलमध्ये ज्योती आणि ऋषभ यादव १५५-१५७ असे हरले, ते नेदरलँड्सच्या श्लोसर आणि सान दे लाट यांच्याकडून.

पण मधुराच्या बाजूनं एक गोष्ट नक्की आहे. मिश्र जोडी सहसा त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतल्या गुणांवर ठरते. शांघायला ज्योती संघात असूनही अभिषेकच्या जोडीला मधुरा उभी होती, आणि ही जोडी पदक घेऊन आली. ऑलिम्पिकमध्ये नेमका हाच प्रकार आहे.

अमरावतीत तिरंदाजी अचानक उगवलेली नाही. टोकियो ऑलिम्पिक खेळलेला प्रवीण जाधव मूळचा साताऱ्यातल्या फलटण तालुक्यातला, पण त्याच्या हाती धनुष्य आलं ते अमरावतीच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत. व्यायामाची परंपरा तर त्याहून जुनी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलेला चमू त्यांचाच.

त्यामुळे चांदूर बाजारच्या एखाद्या शाळकरी मुलीला आज तिरंदाजी शिकायची असेल, तर मैदान दूर नाही, जिल्ह्यातच आहे. पेच पुढचा आहे. सुरुवात लाकडी धनुष्यावर, इंडियन राउंडमध्ये होते आणि ते घरच्यांना परवडतं. दोन-तीन वर्षांनी मात्र रिकर्व्ह की कंपाउंड हे ठरवावं लागतं. स्पर्धेच्या दर्जाचं धनुष्य, बाण आणि बाकीचं सामान मिळून हिशेब लाखांत जातो, संत्र्याचा एखादा बहार गेलेल्या घरात तो दोनदा होत नाही. रिकर्व्हला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक, सांघिक आणि मिश्र अशा तीन संधी, पण कोरियाच्या मुली समोर. कंपाउंडमध्ये भारत जगात पहिल्या फळीत, पण संधी एक. अशा वेळी प्रशिक्षकानं मुलीचा कल बघायचा की ऑलिम्पिकची यादी, यावर प्रत्येक मैदानावर वेगळं उत्तर मिळतं.

मधुरानं ही निवड केली तेव्हा कंपाउंडसाठी ऑलिम्पिक नावाची गोष्टच नव्हती. २०२८ मध्ये ती २७ वर्षांची असेल, ज्योती ३२ ची, अदिती जेमतेम २२ ची. त्याआधी सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आयची-नागोयात आशियाई खेळ आहेत. लॉस एंजेलिसच्या मिश्र सामन्यात प्रत्येकीच्या वाट्याला येतील आठ बाण.