थकल्या हातांची घरपट्टी
घर भाकरी देत नाही, पण पट्टी मात्र मागते! ग्रामपंचायत पट्टी बसविते ती घराच्या किमतीवर. आत राहणाराच्या मिळकतीवर नव्हे. सप्टेंबरअखेर भरणारास 5 टक्के सूट, मार्चअखेरपर्यंत न भरणारास 5 टक्के दंड. म्हणजे गाठी पैसा असणारास बक्षीस आणि हात थकलेल्या लोहारा-कुंभारास शिक्षा! हा कोठला न्याय? सन 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस घरपट्टी माफ केली. ते योग्यच झाले. मग जन्मभर नांगर धरून वाकलेल्या निराधार म्हाताऱ्याने व अपंगाने काय पाप केले? बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेत बोला, ठराव करा, सरकारकडे धाडा. अर्ज आम्ही मास्तर लोक लिहून देऊ. सही तेवढी तुमची हवी.