बँड सोडून गेलेला माणूस

परवा शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या टपरीवर जोरदार वाद झाला. विषय ब्रूस डिकिन्सन, म्हणजे आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक. एका मित्राने मोबाईलवर २०२५ च्या दौऱ्यातली क्लिप दाखवली आणि म्हणाला, "बघ, वरचा सूर पूर्वीसारखा लागत नाहीये. आजोबा सदुसष्टीला आलेत. आता बास करायला हवं."

मी तावातावाने भांडलो. पण घरी येताना लक्षात आलं की मी ज्या मुद्द्यावर भांडलो तोच चुकीचा होता. "आवाज अजून तस्साच आहे" असं मी ठासून सांगत होतो. तो तसा नाहीये राव. कान असलेल्या कुणालाही कळेल. त्यात हे लोक जुनी गाणी मूळ पट्टीतच वाजवतात. गायकाचं वय झालं की बरेच बँड गुपचूप अर्धा-एक सूर खाली उतरतात, मेडनवाले उतरत नाहीत. त्यामुळे पडलेला फरक लपत नाही. मला म्हणायचं होतं ते वेगळंच. ते आज नीट लिहून काढतो.

दीर्घ कारकिर्दीचं कौतुक करायची आपली एक ठरलेली पद्धत आहे. एकनिष्ठा, तपश्चर्या, चाळीस वर्षं एकाच गोष्टीचा ध्यास वगैरे. डिकिन्सनला हे माप लावायला गेलं की पंचाईत होते. कारण त्याच्या कारकिर्दीत १९९३ ते १९९९ असं सहा वर्षांचं मोठ्ठं भगदाड आहे. ऐन भरात असलेला बँड हा माणूस सोडून गेला होता. आणि माझं म्हणणं असं, की हे भगदाड आहे म्हणूनच पुढची पंचवीस वर्षं झाली.

थोडं मागे जाऊ. १९८१ मध्ये तो सॅमसन नावाच्या बँडमधून मेडनमध्ये आला. १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या नंबरावर गेला. मग दरवर्षी अल्बम, दरवर्षी दौरा. १९८४-८५ चा दौरा तर अकरा महिन्यांत १८० च्या वर कार्यक्रमांचा! साधा हिशोब करा, दर दोन दिवसांत एक कार्यक्रम, मधे प्रवास, आणि तेही ती सगळी किंकाळीची गाणी. त्यातून बाहेर पडेपर्यंत तो पिळून निघाला होता. पुढच्या अल्बमसाठी त्याने संथ, अकूस्टिक धाटणीची गाणी लिहून आणली, ती बँडने नाकारली. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'वर त्याच्या लेखणीचं एकही गाणं नाही. गायक तोच, पण लिहिणारा गायब.

तरी पुढे सात वर्षं तो टिकला. मधल्या काळात तलवारबाजी केली, १९९० मध्ये एक विनोदी कादंबरी लिहिली. ही मला दार शोधणाऱ्या माणसाची लक्षणं वाटतात. १९९३ मध्ये दार सापडलं. जाणं काही फार देखणं नव्हतं हेही सांगायला हवं. निरोपाच्या दौऱ्यात हा मन लावून गात नाही, अशी तक्रार बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिसने नंतर उघडपणे केली. आणि मागे राहिलेल्यांनी किंमत मोजली. त्याच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीचा आवाज खालच्या पट्टीतला, त्याला ब्रूससाठी लिहिलेली गाणी रोज गावी लागली. त्या माणसाबद्दल मला नेहमीच वाईट वाटत आलंय.

पण बाहेर पडून ब्रूसने काय केलं ते बघा. डिसेंबर १९९४. सारायेवो शहराला वेढा पडलेला, डोंगरांवरून तोफा आणि स्नायपर. तिथे जाऊन गाशील का, असं विचारलं गेलं आणि हा आपल्या नव्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडला घेऊन ट्रकच्या मागच्या बाजूला बसून इगमन पर्वताच्या रस्त्याने शहरात शिरला. वेढ्यातल्या पोरांसमोर गायला आणि परत आला. या प्रसंगावर पुढे 'स्क्रीम फॉर मी सारायेवो' हा माहितीपट निघाला, तो जरूर बघा. त्यात त्याच्यापेक्षा तेव्हाचे प्रेक्षक जास्त बोलतात. ते आता मध्यमवयीन झालेत, पण त्या एका संध्याकाळी आपण पुन्हा माणसात आलो, असं सांगताना त्यांचा चेहरा बदलतो. २०१९ मध्ये सारायेवोने त्याला मानद नागरिकत्व दिलं. मेडनच्या भल्यामोठ्या लवाजम्यासकट हे जमलं असतं? मला नाही वाटत.

१९९८ मध्ये त्याने विल्यम ब्लेकच्या कवितांवरून 'द केमिकल वेडिंग' केला. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम हेच. (मेडनच्या भक्तांनी शिव्या द्यायला हरकत नाही.) म्हणजे १९९९ मध्ये तो परतला तो हरलेला माणूस म्हणून नव्हे. त्याच्याबरोबर गिटारिस्ट एड्रियन स्मिथही परतला, जो १९९० मध्येच बाहेर पडला होता. आल्यावर जुन्या हिट गाण्यांवर गुजराण न करता २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' काढला.

आणि या वेळी त्याने बाहेरचं जगणं सोडलं नाही. व्यावसायिक वैमानिक झाला, अ‍ॅस्ट्रेयस या विमान कंपनीत कॅप्टन झाला. २००८ मध्ये तर बँडचंच विमान चालवायला घेतलं. बोइंग ७५७ च्या मागच्या सीट्स काढून तिथे सामान भरलं, पुढे माणसं आणि कॉकपिटमध्ये खुद्द गायक! त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम कुठे, तर आपल्या मुंबईत, १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. मी तेव्हा पाचवीत होतो. माझा आतेभाऊ मात्र पुण्याहून मित्रांबरोबर गेला होता. काळा टीशर्ट, बसलेला घसा, आणि दुसऱ्या दिवशी आत्याची बोलणी. दादा मला एवढंच म्हणाला होता, "अरे, तो स्वतः विमान चालवत आला!" गाणी मी पुढे कॉलेजमध्ये ऐकली, पण चाहता त्या वाक्यामुळेच झालो.

आता आवाजाकडे येतो. २०१४ च्या अखेरीस त्याच्या जिभेच्या मागच्या भागात कॅन्सर निघाला. केमो आणि रेडिएशन झालं, मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी बरा झाल्याचं सांगितलं. गंमत अशी की 'द बुक ऑफ सोल्स'चं रेकॉर्डिंग निदानाच्या आधीच झालं होतं, म्हणजे ती गाठ घशात घेऊनच तो गायला होता. त्या अल्बममधलं शेवटचं गाणं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' त्याने एकट्याने लिहिलं. अठरा मिनिटांचं, मेडनचं सर्वांत लांब. सुरुवातीला पियानोवर तो स्वतः आहे. विषय, १९३० मध्ये फ्रान्समध्ये कोसळलेलं आर-१०१ हे ब्रिटिश हवाई जहाज, ज्यात ४८ माणसं गेली. संथ गाणी नाकारली गेलेला १९८६ चा माणूस आणि विमान चालवायला शिकलेला माणूस या एका गाण्यात एकत्र आलेत. तो कधीच बाहेर पडला नसता तर हे गाणं आलं असतं का? पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, तो ७४७ चालवत दौऱ्यावर निघाला.

तेव्हा मित्रा, सूर पूर्वीसारखा लागत नाही हे मान्य. त्या घशाने रेडिएशन सोसलंय. प्रश्न एवढाच की तो सवयीने तिथे उभा आहे की स्वतः निवडून. सवयीने उभं राहणं काय असतं हे त्याला १९८६ मध्ये कळलं होतं, आणि तसं राहायचं नसेल तर निघून जायची धमक त्याने १९९३ मध्ये दाखवली होती. असा माणूस सदुसष्टाव्या वर्षी स्टेजवर धावत येतो तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. ज्या दिवशी त्याला पुरे वाटेल, त्या दिवशी आपण सांगायची गरज पडणार नाही. जायचं कसं हे त्याला चांगलं माहीत आहे.

असो. शुक्रवारी टपरीवर हेडफोन घेऊन येतोय. अठरा मिनिटं, मधे बोलायचं नाही. चहा माझ्याकडून.