एक मंडळी, एक मत: उदारधर्मी संघाचे मागणीपत्र

प्रति,
अमेरिका व ब्रिटनमधील युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट संस्थांची कार्यकारी मंडळे



प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या उपासकांचा आमचा संघ लहान आहे. आपल्याशी नाते मात्र जुने. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. 1903 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या उदारधर्मी परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि 1906 साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभे केले. पैसा तुमचा होता. शिकून काय करायचे ते शिंद्यांनी ठरवले. पुढचे सहकार्यही असेच चालावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

1995 साली स्थापन झालेली युनिटेरियन व युनिव्हर्सलिस्टांची आंतरराष्ट्रीय परिषद 2021 साली बंद झाली. त्याबद्दल तक्रार नाही, संस्था थकतात. पण तिच्या जागी जे काही उभे राहील, त्यात लहान मंडळींचा हक्क कोणता हे लेखी असावे.

हक्क म्हणण्याचे कारण आहे. मद्रासची मंडळी 1795 साली विल्यम रॉबर्ट्स या तमिळ गृहस्थाने सुरू केली; तिथे कोणी मिशनरी धाडला नव्हता. खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंग वेल्श मिशनऱ्यांच्या पंथातून बाहेर पडले आणि स्वतःच्या विचाराने एकेश्वरी मतापर्यंत पोचले. असे मानणारे जगात आणखी लोक आहेत हे त्यांना नंतर कळले. मग त्यांनी कलकत्त्यातील अमेरिकन युनिटेरियन मिशनरी चार्ल्स डॉल यांच्याशी पत्रव्यवहार केला. 18 सप्टेंबर 1887 रोजी जोवाईत पहिली उपासना झाली, तेव्हा डॉल हयातही नव्हते. फिलिपिन्समध्ये नेग्रोस बेटावरच्या तोरिबियो किमादा यांनीही अमेरिकेला आपणहून पत्र लिहिले. पत्र लिहिणाऱ्याला तुम्ही पुस्तके पाठवलीत, पैसे पाठवलेत, त्याची जाण सर्वांना आहे. पण विचार त्याचा स्वतःचा होता. ट्रान्सिल्व्हानियाचे तर बोलायलाच नको: तोर्दाचा धर्मस्वातंत्र्याचा ठराव 1568 चा, लंडनच्या एसेक्स स्ट्रीटची मंडळी 1774 ची. वडीलकीच काढायची झाली, तर ती कोणाकडे जाईल?

या साऱ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही. आमच्या मागण्या आमच्या आहेत. त्यांना पटल्या तर तेही सही करतील.

1. नव्या रचनेत प्रत्येक देशाच्या मंडळीला एक मत असावे. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी, पण वर्गणीवरून मताचे वजन ठरू नये.

2. धर्मशिक्षणाच्या खर्चाचा निम्मा वाटा शिकणाऱ्याच्या देशात आणि भाषेत खर्च व्हावा. ज्याला खासीत प्रवचन करायचे आहे, त्याने सारे शिक्षण बोस्टनमध्येच का घ्यावे? परदेशी जायचे असल्यास शिंद्यांसारखे जावे, परतून आपले काम आपण ठरवावे.

3. 1989 नंतर अमेरिकेतील मंडळींनी ट्रान्सिल्व्हानियातील मंडळींशी जोडीची नाती पुन्हा बांधली. त्या धर्तीवरचे करार किमान पाच वर्षांचे असावेत आणि मोडायचे असल्यास वर्षभर आधी कळवावे. तिकडचा उत्साह ओसरला म्हणून इकडची शाळा अर्ध्या वर्षात बंद पडू नये.

4. जोवाईच्या माणसाला नेग्रोसच्या माणसाशी थेट भेटता यावे. प्रवासनिधीतला ठरावीक हिस्सा अशा भेटींसाठी राखावा.

5. आपल्या संग्रहातील भारतविषयक पत्रांच्या प्रती येथील अभ्यासकांना विनामूल्य मिळाव्यात.

6. सर्वांत निकडीची मागणी. ट्रान्सिल्व्हानियातील युनिटेरियन धर्मगुरू फेरेन्त्स दाविद 1579 साली देवा गावच्या किल्ल्यात कैदेत वारले, आणि किमादांची 1988 साली हत्या झाली. उदार मत आजही अनेक ठिकाणी जिवावर बेतू शकते. अशा वेळी निषेधाचे पत्रक पुरत नाही. वकील, तात्पुरता आसरा आणि कुटुंबाचा खर्च यांसाठी निधी आधीच बाजूला ठेवलेला असावा, आणि तो वापरण्याचा निर्णय संकटातल्या मंडळीच्या सल्ल्याने काही दिवसांत व्हावा.

प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी उत्तर द्यावे. नकार असल्यास कारणासह कळवावे; आपल्या पुढील वार्षिक सभेपूर्वी ते आमच्या सभासदांपुढे ठेवायचे आहे.

आपले,
संघाची कार्यकारिणी