मानधन की मजुरी?

दरवर्षी 3 डिसेंबरला जागतिक अपंग दिन येतो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे यांचे समारंभपूर्वक वाटप होते. भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. या वस्तू गरजेच्या आहेत, याविषयी वाद नाही. परंतु तीनचाकी मिळालेल्या प्रौढ माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन कोणत्या कामावर जायचे, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून सहसा विचारला जात नाही. 2011 च्या जनगणनेत अपंग नागरिकांची संख्या 2 कोटी 68 लाख भरली होती. पंतप्रधानांनी 2015 मध्ये त्यांना ‘दिव्यांग’ हे नाव बहाल केले. केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेतून दारिद्र्यरेषेखालील, 80 टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला मिळणारे महिना 300 रुपये मात्र 2012 पासून जागचे हललेले नाहीत. दिव्यत्वाची किंमत सरकारी हिशेबात एवढीच आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्रात जे थोडेफार उभे राहिले, ते प्रामुख्याने सेवाभावी संस्थांनी उभे केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन वसवले. समाजाने टाकून दिलेल्या, बोटे झडलेल्या हातांनी तेथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, माग चालवले. चाकाच्या खुर्चीवर बसून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. तिचे काम पुढे सिंधुदुर्गातील काजूप्रक्रियेपर्यंत पोहोचले. या दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी एकच धारणा होती: भीक माणसाला मोडते आणि श्रम त्याला उभे करतात. ही धारणा आपल्या चळवळीला परकी नाही.

तथापि श्रमाचा गौरव करून भागत नाही. श्रमाच्या मोबदल्याचाही विचार करावा लागतो. संरक्षित कार्यशाळा म्हणून जी व्यवस्था शहराशहरांत चालते, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. मेणबत्त्या, खडू, कागदी पाकिटे, दिवाळीच्या पणत्या ही तेथील ठरलेली कामे. वेताच्या खुर्च्या विणणे हे तर पिढ्यान्‌पिढ्या अंधांचे काम मानले गेले. कचेऱ्यांतून वेताच्या खुर्च्या गेल्या आणि कामही गेले. काही कार्यशाळांना कारखान्यांकडून सुटे भाग जुळवण्याचे वा वेष्टनाचे काम मिळते. तेथे येणारा मतिमंद वा अंध माणूस पंचविशीत दाखल होतो आणि पन्नाशीतही ‘प्रशिक्षणार्थी’च राहतो. त्याला मिळते त्यास मजुरी न म्हणता मानधन म्हणायचे. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. मजुरी म्हटली की किमान वेतन आले, भविष्य निर्वाह निधी आला, रजा आली, संघटना करण्याचा हक्क आला. मानधन म्हटले की फक्त देणाऱ्याचा चांगुलपणा उरतो.

कायद्यानेही बरीच वर्षे हाच मार्ग मोकळा ठेवला होता. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या 26 व्या कलमात, अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू करू नये असा आदेश काढण्याची मुभा सरकारला होती. 2019 च्या वेतन संहितेने तो जुना कायदा पोटात घेतला. मनोवृत्ती मात्र तशीच राहिली.

संस्थाचालकांचा युक्तिवाद प्रामाणिक आहे. उत्पादन कमी, गती मंद. किमान वेतन द्यायचे ठरवले तर कार्यशाळेला कुलूप लावावे लागेल, असे ते म्हणतात. आपण तो झटकून टाकू नये. पण उत्पादन आणि वेतन यांतील तूट कोणीतरी सोसणारच असेल, तर ती सर्वांत दुबळ्या कामगाराच्या ताटातून का काढावी? ती सरकारी तिजोरीतून, हक्काचे वेतनपूरक म्हणून भरून निघाली पाहिजे. आज होते ते नेमके उलटे. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा असल्यामुळे, कमावू लागलो तर अनुदान जाईल या धास्तीने घरचे लोकच अपंग मुलाला कामावर धाडण्यास कचरतात.

राखीव जागांवर आपण विसंबून राहिलो, हेही मान्य केले पाहिजे. 1995 च्या कायद्याने 3 टक्के आणि 2016 च्या कायद्याने 4 टक्के जागा दिल्या, त्या सरकारी आस्थापनांत; आणि तेथील नोकऱ्याच आता कंत्राटदाराच्या हाती चालल्या आहेत. खाजगी मालकावर 2016 च्या कायद्याने सक्ती घातली नाही. त्याला उत्तेजन देण्याची भाषा तेवढी केली. सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरीवरून काढता येणार नाही, हे त्याच कायद्याचे 20 वे कलम सांगते, पण तेही सरकारी नोकरापुरते. प्रेसमध्ये बोटे गमावलेल्या चाकणच्या कंत्राटी कामगाराला ते कलम उपयोगाचे नाही. त्याला नुकसानभरपाई मिळेलही, काम मिळेलच असे नाही. अपंगत्व हा केवळ जन्माचा वा दैवाचा प्रश्न नव्हे, तो कारखान्यातही घडवला जातो. एवढे उघड सत्य आपल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत क्वचितच उमटते.

या राज्यात अशा कामगारांसाठी व्यवस्था घडवण्याचा अनुभव आपल्या पाठीशी आहे. पाठीवर पोती वाहणारा हमाल कोणाचा नोकर, हे कोणीच सांगत नव्हते. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यासाठी मंडळे आणली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील अधिभार मंडळात भरायचा. मंडळाने हमालाला मजुरी, निधी, बोनस द्यायचा. कार्यशाळांत आणि घरी बसून काम करणाऱ्या अपंगांसाठी असेच मंडळ का असू नये? काम देणाऱ्या कंपनीने पूर्ण दराने पैसे भरावेत, तूट शासनाने घालावी, आणि मंडळावर अपंग कामगारांचे स्वतःचे प्रतिनिधी असावेत. त्यांच्या वतीने बोलणारे आपण सारेच फार झालो आहोत.

हा मसुदा तयार होईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्यासारखे बरेच आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. ग्रामसभेत तिचा हिशेब मागावा. वाटपावर किती गेली आणि कामधंद्यावर किती, हे वेगळे काढून मागावे. आपल्या तालुक्यातील कार्यशाळेत जाऊन तेथील माणसांशी, त्यांच्या व्यवस्थापकांशी नव्हे, बोलावे. आणि आपल्या पक्षाच्या व युनियनच्या किती कचेऱ्यांत जिना चढल्यावाचून पोहोचता येते, तेही एकदा मोजावे.