चढणीचा सोबती

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजण सिंहगड पायी चढलेत? गाडीरस्त्याने नव्हे हं, आतकरवाडीच्या पायवाटेने! चांगली ५०० मीटरहून जास्त चढण आहे. गेल्या रविवारी आम्ही निघालो, तर वाडीतलं एक तांबडं कुत्रं आपणहून सोबत आलं. सुरुवातीला स्वारी सारखी पुढे! वळणावर थांबून, ‘चला की लवकर’ म्हटल्यासारखी बघायची. अर्ध्यावर मात्र जीभ बाहेर काढून करवंदीच्या जाळीखाली बसली.

मित्र म्हणाले, “सोड रे, येईल मागनं. ऊन चढतंय.” मीही चार पावलं गेलो... आणि परतलो.

का, माहितेय? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडासा येतो. धापा टाकूनच ते अंग गार करतं. तेव्हा त्याला सावली आणि पाणी हवंच. माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी ओंजळीने त्याला पाजलं.

पुणे दरवाजात आम्ही दोघं सगळ्यांत शेवटी पोचलो. माझे पाय लटपटत होते, घसा सुकला होता. पण शेजारी शेपटी नाचत होती! पहिलं येण्यात मजा असतेच. पण कुणाला मागे न टाकता वर पोचण्याची मजा एकदा चाखून बघाच!