परसदारचे धन : खुराड्यात मर शिरली तर



शेत आणि बैल घरधन्याचे, पण कोंबड्या घरधनिणीच्या. अंड्यांच्या पैशावर मीठमिरची येते, पोरांच्या वह्या येतात, अडीनडीला एखादा कोंबडा विकून दवाखान्याची सोय होते. म्हणून खुराड्यात मर शिरली की नुकसान दहा कोंबड्यांचे नसते, बाईच्या पदराची गाठ सुटते. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, ते आज पाहू.

गावठी कोंबड्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत गावी 1927 साली हा रोग आढळला, म्हणून त्याला हे नाव पडले. कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, दाणा सोडते. चोच उघडी टाकून घरघरते. हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते. पाय किंवा पंख लुळा पडतो, मान पिळवटते. अंडी कमी होतात, घातली तरी पातळ कवचाची. पुष्कळदा यातले काहीच न दिसता सकाळी खुराडे उघडावे तर दोन-तीन मरून पडलेल्या असतात. हा रोग विषाणूचा आहे, त्याला औषध नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्या, हळद, लसूण यांनी तो बरा होत नाही. पैसे जातात आणि वेळही जातो.

पहिली कोंबडी मेली त्याच दिवशी पुढील कामे करा.

1. चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या कोंडून ठेवा, मोकळ्या सोडू नका. आजारी कोंबड्या दूर वेगळ्या डालग्याखाली झाका. दाणापाणी आधी चांगल्यांना, मग आजाऱ्यांना द्या. नंतर हातपाय साबणाने धुवा.

2. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. नमुना तपासावा लागतो. आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून मेलेली कोंबडी फाडून पाहू नका, उघड्या हाताने उचलू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका. कळवले तर सरकार सगळ्या कोंबड्या नेईल, या भीतीने पुष्कळजण गप्प बसतात. पण बर्ड फ्लू ठरलाच, तर सरकारी भरपाई मिळते ती जिवंत असताना नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवण्यात तोटाच आहे.

3. मेलेल्या कोंबड्या नाल्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नका. कुत्री त्या गावभर नेतात. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे विहीर-ओढ्यापासून दूर तीन-चार फूट खोल खड्ड्यात पुरा, वर चुना टाका, माती दाबा, काटेरी फांद्या ठेवा.

आता एक कडू गोष्ट. मर लागली की उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन चार पैसे करावेत, किंवा मरायच्या आत कापून खाव्यात, असे मनात येते. पैसा घामाचा असतो, त्यामुळे हे वाटणे समजू शकते. पण त्या पाटीतून रोग दहा गावांत जातो, आणि पुढच्या बाजारी तुमच्याच शेजारणीच्या हातून परत येतो. आजारी कोंबडी विकू नका, पाहुण्याला देऊ नका, कापूही नका.

खरा उपाय लसीचा. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पंखाखालच्या कातडीत टोचतात. ही दुसरी लस जोरकस असल्याने लहान पिल्लांना देत नाहीत. आठवडाभर आधी जंताचे औषध पाजावे. लस फक्त निरोगी पाखरांना द्यावी. रोग अंगात भिनलेल्या कोंबडीला लसीने वाचवता येत नाही.

गाडे अडते ते असे की, लसीची कुपी बहुधा शंभर पाखरांची असते आणि तुमच्याकडे असतात दहा. फोडलेली कुपी उरवता येत नाही. पातळ केलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते. मग दहा घरांनी एक दिवस ठरवावा. कोंबड्या आदल्या रात्री कोंडून ठेवाव्यात, भल्या सकाळी पशुधन पर्यवेक्षकांना बोलवावे, लस बर्फाच्या थर्मासातून आणावी. उन्हात खिशातून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. खर्चही दहा घरांत वाटला जातो. शेजारणीच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्याही धोक्यातच, कारण कोंबडी बांध ओळखत नाही.

खुराडे रिकामे झाले असेल तर घाई करू नका. विष्ठा, पेंढा काढून जाळा. खुराडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, चुना फासा, उन्हात चांगले तापू द्या. महिना-दीड महिना मोकळे ठेवा. मग नवी पाखरे आणा, आणि यापुढे बाजारातून आणलेली प्रत्येक कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवल्याशिवाय खुराड्यात घालू नका.

तेव्हा भगिनींनो, या आठवड्यात एवढे करा : आपल्या आळीत किती घरी किती कोंबड्या आहेत ते मोजा आणि लसीचा दिवस ठरवा. मर येण्याआधीचा एक दिवस मर आल्यानंतरच्या महिन्याहून मोलाचा असतो.